चार वेळा रोम

दीड वर्षाच्या लेकीला घेऊन रोमला जायचं ठरलं, तशी हिमानीने आधी रत्नाकाकूंचं घर गाठलं. अमेरिकेतल्या शुगर लँड गावात तिच्या ओळखीत चार वेळा रोमला जाऊन आलेल्या त्या एकट्याच होत्या.

काकूंना सगळं तोंडपाठ होतं. दगडी रस्त्यांत स्ट्रोलरची चाकं अडकतात, हॉटेलची लिफ्ट एवढीशी असते, तापाचं औषध हिरव्या क्रॉसच्या दुकानात मिळतं. भर दुपारीही झोक्यांवर सावली असते अशी बाग कोणती, तेही त्यांनी सांगितलं. हिमानी फोनमध्ये भराभर टिपून घेत होती.

"काकू, तुम्ही ग्रेट आहात! आईलाही नेतेय सोबत. पिल्लू तिच्याकडे दिलं की आम्ही दोघं फिरायला मोकळे."

"हो का," म्हणत काकू चहाचे कप उचलून सिंककडे वळल्या.

"आता बघायचं काय काय, तेवढं सांगा ना."



"ते माझ्या सुनेला विचार, बाई. मी चारही वेळा तिच्या मुलांपाशीच होते. हे टिपून घेतलंस ना, ते तुझ्या आईला दे. तिलाच लागेल."