भिंत कोणाला हवी आहे?

“भिंत मला नकोय. धाकट्याला हवीय,” थोरला म्हणाला. “मी नुसतं हो म्हटलंय. तसंच लिहा.”

वकीलबाईंनी पेन टेबलावर ठेवलं. बांधकामाचे करार साध्या, सरळ भाषेत लिहून देणं हा त्यांचा धंदा. ‘सदरहू’ आणि ‘उभय पक्षांच्या संमतीने’ हे शब्द त्यांच्या कचेरीत चपलांबरोबर बाहेर काढून ठेवावे लागत. करार गवंड्याला वाचून दाखवायचा, त्याने तो आपल्या शब्दांत परत सांगायचा आणि मगच सह्या. पहिली ओळ मात्र ठरलेली: काम कोणाला हवं आहे? तिथे नाव पाहिजेच. नाहीतर उद्या भिंतीला तडा गेला की सगळे हात वर करतात, मी कुठे सांगितलं होतं!

काल याच खुर्चीत बसून धाकटा म्हणाला होता, “भिंत दादाला हवीय. मी कशाला आडवा येऊ?”

“तुम्ही दोघं एकदा समोरासमोर का बसत नाही?”

“बोलणं नाही आमचं,” थोरला म्हणाला. एखाद्याने आपण चहा घेत नाही म्हणून सांगावं, तसा. “पुष्कळ वर्षं झाली.”

“मग त्याला भिंत हवीय, हे तुम्हाला कळलं कसं?”

“निरोप आला ना.”

बाकीची कलमं भराभर मार्गी लागली. भिंत मागच्या, दोघांत सामाईक असलेल्या बैठकीच्या खोलीत मधोमध. गिलावा दोन्ही अंगांनी. ओल आली तर दुरुस्ती गवंड्याच्या पदरची. आणि एका कलमावर तर भावांचं न बोलताच एकमत झालं होतं. आईची खोली घराच्या ऐन मध्यात. तिचं एक दार थोरल्याकडे उघडायचं, एक धाकट्याकडे. तिसरं रस्त्याकडे होतं, पण त्याला कपाट लावून टाकलेलं. घरातली दोन्ही दारं आहेत तशी राहतील, असं दोघांनीही वेगवेगळं येऊन बजावलं होतं.

“आईची अडचण व्हायला नको,” थोरला उठताना म्हणाला.

घर अजून आईच्याच नावावर. तिची सही लागणार होती. म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी वकीलबाई गवंड्याला घेऊन तिच्या खोलीत गेल्या. गवंडी उंच, सडपातळ, गवंड्याच्या दोरीला लोंबणाऱ्या वजनासारखी मान खाली सोडून उभा राहायचा, म्हणून सगळे त्याला ओळंबा म्हणत. आजी कॉटवर बसून वाटाणे सोलत होत्या.

“आई,” डाव्या दारापलीकडून थोरल्याची हाक आली, “त्याला सांग, पंप बंद कर म्हणावं. टाकी केव्हाची भरून वाहतेय.”

आजी गुडघ्यावर हात रेटून उठल्या. उजव्या दाराशी गेल्या. “पंप बंद कर म्हणतोय रे.”

“त्याला सांग, आधी स्वतःच्या तोंडाचा बंद कर!”

आजी पावलं ओढत डाव्या दाराशी आल्या. “करतो म्हणाला.”

ओळंब्याला हसू आवरेना. “निरोप वरून गुळगुळीत करून देता की, आजी.”

“कच्चा माल कोणी घेत नाही, बाबा.”

त्या बसल्या. एक शेंग सोलली, तोच उजवीकडून हाक आली. यावेळी चावीचं काहीतरी होतं. पुन्हा गुडघा, पुन्हा दार, पुन्हा दुसरं दार. परत आल्या तेव्हा धाप लागली होती.

मग वकीलबाईंनी करार वाचला. ओळंब्याने तो बिनचूक परत सांगितला. ओलीच्या कलमाशी मात्र त्याने घसा खाकरला. “सगळं कळलं,” तो म्हणाला. “पण पहिली ओळ रिकामीच की.”

“ती रिकामीच राहणार,” वकीलबाई म्हणाल्या. याच क्षणासाठी तर त्या आल्या होत्या. कॉटच्या कडेला टेकून त्यांनी आजींचा हात हातात घेतला. “आजी, भिंत दोघांनाही नकोय. ज्याला त्याला वाटतंय, दुसऱ्याला हवीय. निरोपात कुठेतरी घोळ झाला. नाव नाही तर करार नाही, आणि करार नाही तर भिंतही नाही. मी आत्ता दोघांना इथे बोलावते, तुमच्यासमोर.”

आजींनी हात हळूच सोडवून घेतला. उठल्या. डाव्या दाराला कडी घातली, मग उजव्याला. परत येऊन बसल्या आणि वाटाण्यांचं ताट पुढे ओढलं.

“घोळ नाही झाला,” त्या म्हणाल्या. “त्या ओळीत माझं नाव घाला.”

वकीलबाईंनी पेन उघडलं. तेवढ्यात डावीकडची कडी खडखडली. “आई! अगं, त्याला सांग—”

आजी जागच्या हलल्या नाहीत. त्यांनी एक शेंग सोलली, मग दुसरी.

“आणि दारांचं कलम बदला. दोन्ही विटांनी बुजवून टाका. हे कपाट तेवढं बाजूला सरकवून द्या. ज्याला आईला भेटायचंय, तो रस्त्याने येईल.”