धाकट्याचा डावा पाय

थोरला सात-शून्य हरला. पण तो सामना झालाच नाही. शेवटची शिट्टी वाजायच्या आत टीव्हीची वायर भिंतीतून बाहेर आली होती, आणि शिट्टी वाजली नाही तर निकाल लागत नाही, असं थोरल्याचं म्हणणं. तेव्हा आपणही काही पाहिलं नाही असं धरू आणि चार-शून्यपासून सुरुवात करू.

चार-शून्य असताना थोरला सोफ्याच्या एका टोकाला बसला होता. दिवसभर कुणाची तरी लिफ्ट दुरुस्त करून तो पावसात भिजत घरी आला होता आणि हातांचं ग्रीस अजून निघालं नव्हतं. दुसऱ्या टोकाला, हातात गेमचा रिमोट धरून, धाकट्याच्या संघाकडून खेळणारी आई. आणि टीव्हीत धाकटा.

म्हणजे खराच धाकटा. लांबच्या एका मोठ्या क्लबाकडून तो फुटबॉल खेळतो, म्हणून गेम बनवणाऱ्यांनी त्यालाही आत घातला होता. तेच नाक, तोच भांग, पाठीवर अकरा नंबर. यंदा घरी यायला जमत नाही म्हणून त्यानं स्वतःऐवजी गेमचं हे खोकं पाठवलं. उघडेपर्यंत आईला वाटत होतं, मिक्सर असेल.

"हे साफ खोटं आहे," थोरला म्हणाला. धाकट्यानं नुकताच डाव्या पायानं बॉल कोपऱ्यात मारला होता. "डावा पाय? डाव्या पायात चप्पल घालायची तर भिंत धरावी लागते त्याला!"

"सुधारला असेल," आई म्हणाली. "तिकडे चांगलं शिकवतात."

थोरल्याचा गोलकीपर भलत्याच बाजूला झेप घेऊन तसाच पडून होता. लहानपणी घरामागच्या गल्लीत गोलात थोरलाच उभा राहायचा, कारण धाकट्याला गोल मारायचे असत आणि कुणाला तरी ते खावे लागतात. तेवढ्या वर्षांत धाकट्यानं डाव्या पायानं एकदाही बॉल मारला नव्हता. ही माहिती अख्ख्या जगात एकट्या थोरल्याकडे होती, आणि गेम ती मानायला तयार नव्हता.

पाचवा गोल. धाकटा धावत कॅमेऱ्यापाशी आला, ओठांना बोटं टेकवून त्यानं हात हलवला. आईनंही हलवला.

"आई, तो सगळ्यांनाच करतो तसं. ज्याच्या ज्याच्या घरी गेम आहे त्या प्रत्येकाला."

"करू दे की. माझा पापा मला पोचला."

तेवढ्यात टीव्हीतल्या मैदानावर पाऊस सुरू झाला. आईनं झटकन बटण दाबून खेळ थांबवला.

"आता काय झालं?"

"सर ओसरू दे. घामाच्या अंगानं भिजतोय तो."

थेंब जागच्या जागी हवेत लटकले होते. धाकटा एक पाय उचलून त्यांच्यामध्ये उभा. दोघं मायलेक सर ओसरायची वाट बघत बसले. थोरला सणसणून शिंकला.

"मीपण भिजलोय," तो म्हणाला.

"दिसतंय ना. म्हणूनच म्हणते, जरा पुढे सरकून बस. कव्हर कालच धुतलंय."

सर ओसरणार नाही हे आईला पटवायला थोरल्याला बराच वेळ लागला. मग सहावा गोल झाला, आणि त्याचा तोल गेला.

"एवढं पळून याला धाप कशी लागत नाही? आणि पास दिला नाही की हा रुसून मैदानात फतकल मारायचा, आठवतंय? मग रुसायचं बटण कुठंय? बघ, बघ, तू बोट हलवलंस की लगेच वळतो! खरा धाकटा तुझ्या हाकेला कधी वळलाय? फोन केला तर, 'आई, नंतर करतो!'"

"तेच तर," आई म्हणाली. तिची नजर टीव्हीवरून हलली नाही.

थोरला नखातलं ग्रीस कोरू लागला. मग हळूच म्हणाला, "मला कुणी का नाही घातलं यात? मीपण खेळायचो."

"तुला कशाला?" घरातल्या कपाटाबद्दल बोलावं तशी आई बोलली. "तू आहेसच की."

सातवा गोल. डाव्या पायानं. मग अंधार, फक्त टीव्हीपुरता. डोक्यावरची ट्यूब लख्ख चालू होती.

"लाईट गेली का रे?"

"वायरीत पाय अडकला," थोरला म्हणाला. कुठला, ते आईनं विचारलं नाही.

"बघ बाबा जरा. तू असलास की बरं असतं."

थोरल्यानं वाकून वायर परत लावली. आई आतून टॉवेल घेऊन आली आणि तो जिथं बसला होता तिथं सोफ्यावर नीट अंथरून ठेवला. गेम पुन्हा सुरू होईपर्यंत पडद्यावर 'सुधारणा सुचवा' अशी एक चौकट आली. थोरल्यानं आईच्या हातातून रिमोट घेतला आणि एकेक अक्षर शोधत टाईप केलं:

"महोदय, आपल्या खेळातील अकरा नंबरच्या खेळाडूचा डावा पाय वस्तुस्थितीस धरून नाही. सदर पाय तत्काळ काढून घेण्यात यावा. तसेच त्यास धाप, रुसवा व 'नंतर करतो' हे दोष मूळ प्रमाणात बसवण्यात यावेत. तांत्रिक कारणास्तव हे शक्य नसल्यास, अर्जदारास त्याच संघाच्या राखीव खेळाडूंच्या बाकावर, अर्जदाराच्या आईस सहज दिसेल अशी एक जागा मिळावी, ही नम्र विनंती. मैदानात उतरवले नाही तरी हरकत नाही."