कोणाच्या घरचा करंट

वीज खात्याचे साहेब दारात आले तेव्हा वायर तांदळाच्या डब्यात होती.

"जनरेटर आहे तुमच्याकडे?"

"आहे. पण बिघडलाय," सुमंगला म्हणाली. बोलताना जीभ जराही अडखळली नाही, याचीच तिला नंतर जास्त लाज वाटली.

साहेब पुढच्या घराकडे वळले. केरीच्या त्या वाड्यावर तीन घरांत सोलर होतं, पाच घरांत जनरेटर. चार दिवसांपूर्वी वादळात वीज गेली, त्याच वाड्यावरचा गौरेश लाइनमन खांबावर चढला आणि बंद असलेल्या तारेने त्याला खाली फेकलं. उजवा हात कोपरापर्यंत भाजला, पाय मोडला. कुणाच्या तरी घरातली वीज उलटी लाइनवर आली होती, एवढं नक्की होतं.

सुमंगला दोन खोल्या पर्यटकांना भाड्याने देई. त्या दिवशी पाहुण्यांनी पंख्यासाठी कटकट केली, म्हणून तिने जनरेटर लावला. दोन्ही टोकांना पिना असलेली वायर. एक टोक जनरेटरात, दुसरं भिंतीतल्या प्लगात. आधी मेन स्विच पाडायचा, हे नवरा जिवंत असताना शंभरदा सांगायचा. संध्याकाळी तिने पाहिलं, मेन वरच होता. जनरेटर लावताना घर बाहेरच्या लाइनपासून तोडणारा चेंजओव्हर स्विच बसवून घ्या, असं वायरमनही बजावून गेला होता. गणपतीची चवथ झाल्यावर बघू, म्हणून तिने ते टाळलं होतं.

सकाळी पोदेर पाव घेऊन यायचा, तोही सायकलवरून विचारी, "समाजला काय गे बाय, कोणाचो करंट तो?" ती पाव घेऊन आत वळे.

वाड्यावरची माणसं इस्पितळात गेली तेव्हा तीही गेली. न जाऊन कसं चालेल? गौरेशची बायको सेजल तिच्याच गळ्यात पडून रडली. "ज्या घरातसून करंट इलो ना काकी, त्या घरात परत दिवो लागाचो नाय." सुमंगला तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. घरी आल्यावर तिने तो हात दोनदा साबणाने धुतला.

तीन आठवड्यांनी गौरेश घरी आला. एका दुपारी सुमंगला मनाचा हिय्या करून त्याच्याकडे गेली. सेजलने तिला खाटेजवळ बसवलं आणि ती चहा ठेवायला आत गेली.

"गौरेश," सुमंगला म्हणाली. "तो करंट माझ्या घरातलो. मेन पाडूक विसारलंय मी. साहेबांकडे खोटा बोललंय. आता तूच काय तां सांग, मी पोलिसांतय जातलंय."

गौरेशने स्वयंपाकघराकडे नजर टाकली.

"काकी, हळू बोला. तुमचो नाय तो."

"अरे, मेन वर होतो, मी बघलंय."

"आसात. पण फणसाची फांदी पडान तुमच्या घराकडची तार तुटलेली. ती मी आधी सोडवून खाली घेतलंय, तुमच्या जनरेटरचो आवाज तेच्यानंतर इलो, मगे वर चढलंय. पडलेल्या तारेक कोणाचो हात लागाक नाय, ह्या तुमचा नशीब. पण माझ्यापर्यंत येवक तुमच्या करंटाक वाटच नव्हती."

सुमंगलाला एकदम सुटल्यासारखं झालं. लगेच, भाजलेल्या माणसासमोर आपल्याला सुटल्यासारखं वाटतंय, याचीही लाज वाटली.

"मग कोणाचो?"

गौरेशने छपराकडे बोट दाखवलं. "आमचो. सोलर मीच जोडलंय. परवानगी नाय, चेंजओव्हर नाय. मेन पाडल्याबगर बॅटरी चालू करू नको, ह्या सेजलाक सांगूचा रवान गेला. त्या दिवशी पोराक धाप लागली, तिना वाफेचा मशीन लावल्यान. लाइनमनाचा घर कोण तपासतलो, काकी?"

"तिका म्हायत आसा?"

"कळला तर ती जगाची नाय."

त्याने पुढे काहीच मागितलं नाही. आत कपबश्या वाजल्या. सेजल चहा घेऊन बाहेर आली आणि सुमंगलाचे डोळे पाहून दारातच थबकली.

"करंटाचा बोलत होतात ना? समाजला कोणाचो तो?"

गौरेशने डोळे मिटून घेतले. सुमंगला उठली, सेजलसमोर जाऊन उभी राहिली आणि तिने हात जोडले.

"माझ्या घरातलो गे, सेजल. माका माफ कर."