माशाचा डबा

ब्रह्मदेशच्या लढाईवर जाताना भटूने पलटणीत मिळालेला माशाचा बंद डबा आईच्या, तानुबाईच्या हातात दिला होता. "मी परत उनू का हाऊ मासा मिरच्यासमा भरजो," म्हणाला होता.

तीन वर्षांत ना भटू आला, ना त्याचा कागद. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या सकाळी त्याचा बाप अभिमन कुंभाराकडून नवी घागर घेऊन आला. ज्या घरचं माणूस वारलं, ते घर या दिवशी त्याच्या नावाने घागर भरतं.

तानुबाईने विळ्याच्या टोकाने डबा फोडला, मासा कुस्करला, लसूण-मीठ लावून हिरव्या मिरच्यांत भरला आणि तवा चुलीवर ठेवला.

वास ओट्यापर्यंत गेला तसा अभिमन दारात आला. "आज पितरसना दिन शे. घरमा मासा?"

"शिजना आते," ती मिरच्या उलटत म्हणाली. "चूल इटाळनी. आज घागर भरता येवाव नही."

अभिमनने घागर कोपऱ्यात उपडी ठेवली आणि ताटावर येऊन बसला. दोघांनी मिरच्या खाल्ल्या.

मग तानुबाईने रिकामा डबा घासून ठेवला. डबा एकच होता, आणि आखाजी दरसाल येणार होती.