बाकांचा ठराव

तिसरीच्या वर्गातली बाकं इतकी मोडकी होती, की मुलं पाठ चोळतच घरी यायची. शाळा समितीत पालकांच्या वतीने निवडून आलेल्या वहिनींनी दर बैठकीला नवी बाकं मागितली. आणि समितीचे अध्यक्ष, म्हणजे त्यांचेच भाऊजी, दर बैठकीला ऑफिसातल्या गुबगुबीत खुर्चीत रेलून म्हणाले, "त्या बाकांना काय धाड भरलीये, वहिनी? आम्ही नाही शिकलो त्यांच्यावर?"

या खेपेला वहिनींनी मुख्याध्यापकांना गळ घालून बैठकच तिसरीच्या वर्गात ठेवली. खजिनदारांचे गुडघे हनुवटीला टेकले. उपाध्यक्षांची नवीकोरी पँट खिळ्याला अडकून टर्रकन फाटली. भाऊजी तर बाकात असे रुतून बसले, की त्यांना दोघांनी ओढून बाहेर काढलं.

"आता तरी पटलं ना, भाऊजी?" वहिनींनी साखर पेरली.

"शंभर टक्के पटलं!" भाऊजी कंबर धरून कळवळले. "हे असं चालायचं नाही. ठराव लिहून घ्या, आत्ताच्या आत्ता!"

 

वहिनींचं एक मत सोडलं, तर ठराव एकमताने मंजूर झाला: यापुढे समितीची बैठक वर्गात घेऊ नये.