दुसरी कॉइल

"ही गिटार हाय का पत्र्याचा डबा?" गंगारामकाकांनी विचारलं आणि उत्तराची वाट न बघता स्क्रू काढायला घेतले.

उन्नती त्यांच्या ओट्यावर मांडी घालून बसली होती. कोपरखैरण्यात तिच्या बिल्डिंगसमोरचा रस्ता ओलांडला की गाव लागायचं आणि गावातलं तिसरं घर काकांचं. लाल रंगाची इलेक्ट्रिक गिटार तिने वाशीच्या एका ऑर्केस्ट्रावाल्याकडून जुनी घेतली होती. चार वर्षांची भाऊबीज त्यात गेली. घरी आणून टेपरेकॉर्डरला जोडली, तर बाईसाहेब नुसत्या घुंऽऽ करत बसल्या. मधूनच सूर निघायचा, तोही बरणीत कोंडल्यासारखा.

"पुढच्या शनिवारी सर ऐकणार आहेत, काका. गॅदरिंगच्या बँडमध्ये मला घ्यायचं की नाही ते तेव्हाच ठरणार. आणि आमच्या वर्गातल्या त्या केयूरकडे जपानी गिटार आहे! म्हणतो, तुझं फक्त नावच उन्नती."

"त्याला बोलूंदे." काकांनी तारांखालच्या, सूर पकडणाऱ्या दोन काळ्या पट्ट्यांपैकी एक उचकटली आणि हसायलाच लागले. "अगो, ही तं आपली कॉइल! कोनी गुंडालली ही? झोपेत?"

जवळच्या पावणे एमआयडीसीतल्या एका कंपनीत काका वीस वर्षं हेच करत होते. केसाहून बारीक तांब्याची तार घ्यायची आणि तिचे हजारो फेरे गुंडाळायचे. तिथे त्यांना वाइंडर म्हणत.

"पुन्हा गुंडाळाल? पण तार?"

"रिलावर शेवटाला थोडी उरते. ती वाइंडरची. पयल्यापासून तशीच रीत हाय. घरान हाय थोडी." मग त्यांनी आवाज खाली आणला. "तुझ्या बापूसला नको सांगू."

ते सांगायची गरजच नव्हती. उन्नतीचे बाबा, दिनानाथ, त्याच कंपनीत होते. पूर्वी दोघं एका सायकलवर जायचे. बाबा स्टोअरकीपर झाले आणि बोलणं बंद पडलं. का, ते दोघांपैकी कुणीच सांगत नव्हतं. शिवाय दहावीच्या वर्षात गिटार म्हटल्यावर बाबांचा चेहरा कसा झाला होता, ते तिने पाहिलं होतं.

तीन दिवसांत कॉइल तयार झाली. गिटारच्या पोटात काकांनी सिगारेटच्या पाकिटातली चांदी चिकटवली. घुंऽऽ बंद.

"आता पाकिटं फुकायला कारनच गावलं तुमाला!" गोजराकाकू आतून ओरडल्या.

उन्नतीने टेपरेकॉर्डर फुल केला आणि एकच तार छेडली. समोरच्या ओट्यावर मासे साफ करणाऱ्या बायकांनी माना वर केल्या. असा सूर! उन्नती उठून नाचलीच.

"काका, आता दुसरीपण!"

"एक पुरं हाय गो तुला."

"नाही ना! दोन्ही झाल्या तर केयूरची बोलतीच बंद. प्लीज, प्लीज, प्लीज!"

"घरातली तार सपली."

"मग कंपनीतून आणा ना. तुमचीच असते ना उरलेली?"

काकांनी कान खाजवला. "बगतो. बेस्तरवारी."

संध्याकाळी तिचा सराव चालू असताना बाबा दारात येऊन उभे राहिले. हल्ली ते जेवतानाही गप्प असायचे. गिटारमुळेच, असं तिला वाटायचं.

"आवाज सुधारला की. कुठे केलीस दुरुस्त?"

"दादरला. दुकानात." इतकं सफाईने निघालं तोंडातून, की तिचं तिलाच कौतुक वाटलं.

"हं," म्हणून बाबा आत गेले.

गुरुवारी संध्याकाळी ती धावत रस्ता ओलांडून गेली. काकांचं दार बंद. हाका मारल्या, कुणी ओ दिली नाही. शुक्रवारीही तेच. विसरले! मोठी माणसं अशीच, कबूल करायचं आणि गायब व्हायचं. फणफणत ती परत आली.

शनिवारी एकाच कॉइलवर वाजवावं लागलं. पण पहिलाच सूर हॉलभर पसरला आणि मग तिला काही आठवलंच नाही, ना केयूर, ना दुसरी कॉइल. ती थांबली तेव्हा श्यामसुंदर सर चष्मा पुसत होते.

"केयूर, तू मागे साथीला राहा. मुख्य गिटार ही वाजवेल."

"कुठून आणलास गं हा आवाज?" बाहेर केयूरने विचारलं.

"दादर!" ती म्हणाली आणि घराकडे सुटलीच.

बाबा घरीच होते. समोर काळा चौकोनी खोका. अँप्लिफायर! खराखुरा, कोरा! आणि बाबा चक्क हसत होते.

"बाबा, माझी निवड झाली! आणि हा... हा माझ्यासाठी?"

"मग कुणासाठी? बक्षीस मिळालं मला. सरळ वाशीला जाऊन उचलला." त्यांनी तिला जवळ बसवलं. "महिनाभर स्टोअरमधली तार कमी भरत होती. मालकांचा संशय माझ्यावर. झोप उडाली होती गं माझी. तुझ्याशीही धड बोलत नव्हतो. गुरुवारी सुटताना गेटवर सगळ्यांचे डबे उघडायला लावले मी. आणि सापडला चोर."

"कोण?"

"समोरच्या गावातला गंगाराम. भाकरीखाली रीळ. म्हणे, उरलेली तार वाइंडरचीच असते! मालकांनी तिथल्या तिथे काढला. वीस वर्षांची नोकरी." बाबांनी नवी वायर सोडवून तिच्या हातात दिली. "मी म्हटलं, कुणासाठी नेतोस तेवढं सांग, मालकांच्या पाया पडून तुला वाचवतो. शेवटपर्यंत नाव घेतलं नाही पठ्ठ्याने. बरं, लाव ती पिन. वाजव बघू."