कप्तानाच्या कोटाची बटणं

“कप्तान मेलाय. तू मान की नको मानूस.” मिस्त्रीकाकांनी पाना ठिणगीच्या छातीवर रोखला. “बॉयलर फुटला तेव्हाच मेला. आता जो फिरतोय ना, तो दुसराच कुणीतरी आहे.”

“काका, तुम्ही गपचूप पेडल बसवा.”

ठिणगीची सायकल काकांच्या दुकानापुढे सीटवर उलटी उभी होती, डावं पेडल निघालेलं. नाहीतर तो केव्हाच तडक निघून गेला असता. शाळाही त्याने अशीच सोडली होती, मास्तरांच्या एका वाक्यावरून. ठिणगी हे नाव त्याला काही लाडाने पडलं नव्हतं.

शेजारच्या शिलाईच्या दुकानातून मावशी बाहेर आली, गळ्यात टेप, हातात मोबाइल. ‘वाफनगर’चा नवा भाग आला की या तिघांची इथे जुंपायचीच. मोबाइलवर वाचायची चित्रकथा ती. सगळं शहर वाफेवर चालतं, पितळेच्या नळ्या, हवेत तरंगणारी जहाजं, आणि त्यांतल्या एकाचा कप्तान. मागच्या भागात बॉयलर फुटला आणि कप्तान वाफेत दिसेनासा झाला. मग महिनाभर काहीच आलं नाही. आणि आता कप्तान त्याच वाफेतून चालत बाहेर आला होता, कोटावर साधा डाग नाही.

“चित्रं काढणारा महिनाभर गप्प बसला तो उगाच नाही,” काका म्हणाले. “मोठा डाव रचत होता.”

“डाव नाही न् बिव नाही.”

“तुला काय माहीत? तू काय त्याच्या घरी राहतोस?”

ठिणगी तर राहतच होता. ‘वाफनगर’ त्याच्या दादाचं होतं आणि ते या दोघांना ठाऊक नव्हतं. दादाची अटच होती तशी: कुणाला सांगायचं नाही, नुसतं बसायचं आणि लोक काय बोलतात ते ऐकून यायचं. शेवटसुद्धा दादाने फक्त त्याला सांगितला होता. कप्तान घरी पोचतो. थोडेच भाग उरले होते. तेवढे वाचक टिकायला हवे होते. एवढ्यासाठी तो रोज या दोघांची बडबड ऐकून घ्यायचा, आणि आज नेमकं तेच त्याला सहन होत नव्हतं.

“हे बघ.” काकांनी पेडल हातात घेतलं. “डाव्या पेडलचे आटे उलटे असतात. सगळे नट सोडायला डावीकडे फिरवतात, हा उजवीकडे. कप्तानाच्या मोठ्या झडपेचा नट तसलाच. पहिल्या भागापासून कप्तान तो उजवीकडे फिरवून सोडतोय. चित्र काढणाऱ्याने एकदाही चूक केली नाही, मी डोळ्यांत तेल घालून बघितलंय. आणि या भागात? डावीकडे. तेही डाव्या हाताने.”

“चुकलं असेल त्याचं.”

“त्याचं? तो माणूस एक स्क्रू चुकवत नाही.”

 ठिणगीने सायकलचं चाक उगाच गरकन फिरवलं.

“तुमचं नटबोल्ट राहू द्या,” मावशी म्हणाली. “कोट बघा. पुरुषाच्या कोटाची डावी बाजू वर येते, बाईच्या कोटाची उजवी. इथे उजवी वर आहे. बहीण आहे ती कप्तानाची. भावाचा कोट अंगावर बेतून घेतलाय तिने.”

“झालं. आता बहीण काढली कुठून तरी.”

“तुमच्या त्या दुसऱ्याच कुणापेक्षा तरी बरी.”

“अरे, नुसती चूक आहे ती!” ठिणगी ओरडला तसा रस्त्यावरचा एकजण वळून बघायला लागला. “माणूस घाईत काढतो, दमतो, चुकतो. त्याला फाटे कसले फोडताय?”

“तुझ्या का नाकाला मिरच्या झोंबतायत एवढ्या?” काकांनी पेडल बसवायला घेतलं. “मी आज जुनं न् नवं, दोन्ही चित्रं शेजारी शेजारी लावून मोबाइलवर टाकणार आहे सगळ्यांना.”

“नका टाकू, काका.”

“का?”



मावशीने मोबाइल खाली केला. तिचा आवाजही उतरला. “बहीण असो नाहीतर कुणी असो. खरा माणूस गेला असेल तर सरळ सांगावं ना. आम्ही रडलो असतो, पण वाचलं असतं. त्याचा कोट घालून दुसरंच कुणी आमच्यासमोर मिरवणार असेल, तर मी नाही वाचायची. पुढचाही भाग असाच निघाला तर माझ्यापुरतं संपलं.”

“माझ्यापुरतंही,” काका म्हणाले.

 काकांनी शेवटचा पीळ दिला आणि सायकल सरळ केली.

“पण कमाल आहे हं,” मावशी पुन्हा चित्राकडे बघत म्हणाली. “हात उलटा, नट उलटा, बटणं उलटी. एक गोष्ट म्हणून सुलटी नाही.”

ठिणगीने तिच्या हातातला मोबाइल जवळजवळ हिसकावूनच घेतला. चित्राकडे बघितलं, मग स्वतःच्या शर्टाच्या बटणांकडे. कानापर्यंत लाल झाला.

“काय रे, पटलं का?”

“मला निघायला हवं आता.”

“अरे, हवा तर भरू दे...”

पण त्याने टांग टाकलीसुद्धा. कप्तान काढायचा असला की दादा नेहमी त्यालाच कोट घालून समोर उभा करायचा. महिन्यापूर्वी दादा गेल्यापासून ठिणगीसमोर उभं राहायला कुणी नव्हतं. तो एकटाच आरशापुढे उभा राहायचा, आणि दिसेल तो कप्तान तसाच्या तसा काढायचा.